अहवाल आणि आईबाप

दलितांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला चौकशी समित्यांचे अहवाल वाचल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या पूर्वजांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. आपल्या वेदनेची पहिली शासकीय नोंद होते ती बहुधा कोणीतरी मेल्यानंतर. १९६५ साली केंद्र सरकारने इळयापेरुमल समिती नेमली, १९६९ मध्ये तिचे काम पुरे झाले आणि १९७० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे आला. खेड्यापाड्यांतील अत्याचारांची ती यादी वाचून मुंबईच्या झोपडपट्टीतील तरुणांची झोप उडाली आणि १९७२ साली दलित पँथर जन्माला आली. त्यामागे जी कारणे होती, त्यांत हा अहवाल एक होता. अहवाल उघडा झाला म्हणजे समाजात काय घडू शकते, याचा तो पुरावा आहे.

पण अहवालांची आणखी एक जात आहे. ती उघडी होत नाही. संस्था समिती नेमते, समिती साक्षी घेते, निष्कर्ष काढते, आणि तो निष्कर्ष संस्थेच्याच कपाटात जाऊन बसतो. ज्यांचे मूल गेले ते आईबाप दाराबाहेर उभेच राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसऱ्या जातीचे अहवाल आणि त्या दाराबाहेर उभे राहिलेले आईबाप हा आहे. त्याचे एक टोक अंबरनाथला आहे.

अंबरनाथ हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे. त्या मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आमच्या लोकांना अंबरनाथ ठाऊक झाले ते देवळामुळे नव्हे, कारखान्यांमुळे. विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, रसायनांचे कारखाने आणि दाराशी मध्य रेल्वे. गावकुसाबाहेरचा माणूस गाव सोडून अशा गावी आला, कारण येथे हजेरीपटावर नाव लागत होते आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशा कितीतरी कुटुंबांची दुसरी आणि तिसरी पिढी वाढली. पहिल्या पिढीने अंग मोडून काम केले, दुसरी पिढी बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत शिरली, आणि तिसऱ्या पिढीच्या दप्तरात प्रवेशपरीक्षांची पुस्तके आली. बाबासाहेबांनी शिक्षणाचा जो आदेश दिला, त्याची ही फलश्रुती होती.

या तिसऱ्या पिढीच्या स्वप्नाचा पत्ता पवई हा होता. अंबरनाथहून लोकल धरली की कल्याण, ठाणे करीत कांजूरमार्गला उतरावयाचे, तेथून पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था जवळ. रेल्वेच्या हिशेबाने हे अंतर तास-सव्वा तासाचे आहे. समाजाच्या हिशेबाने ते किती आहे, हे मोजण्याचे साधन अद्याप निघालेले नाही.

पवईची संस्था १९५८ साली सुरू झाली. या संस्थांच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या १९७३ मध्ये. म्हणजे घटना अमलात येऊन तेवीस वर्षे लोटल्यावर. दार उघडण्यास इतका वेळ लागला, आणि उघडल्यावरही आत येणाऱ्याच्या कपाळावर त्याचा प्रवेश कोणत्या दाराने झाला हे लिहिलेले राहिले. पूर्वी आडनाव विचारीत, गाव विचारीत. या संस्थांत रँक विचारतात. प्रवेशपरीक्षेतील क्रमांक सांगितला की विचारणारास उमजते की हा राखीव जागेवरचा आहे. गावातल्या चावडीवर जे काम 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न करीत असे, तेच काम वसतिगृहात हा आकडा करतो. पवईच्या संस्थेतील अनुसूचित जाती-जमाती विद्यार्थी कक्षाने २०२२ साली पाहणी केली, तीत ३८८ विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ३७ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की आपली जात काढून घेण्यासाठी आपल्याला रँक विचारण्यात आली. हा आकडा कोणा बाहेरच्या चळवळ्याने काढलेला नाही. तो संस्थेच्याच एका कक्षाच्या पाहणीतील आहे.

या पार्श्वभूमीवर अनिकेत अंभोरे या विद्यार्थ्याचे प्रकरण पाहिले पाहिजे. अनिकेत हा अंबरनाथच्या कुटुंबातला मुलगा, पवईस विद्युत अभियांत्रिकी शिकत होता, राखीव जागेवर आला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये वसतिगृहाच्या इमारतीवरून पडून त्याचा अंत झाला. वय अवघे २२. तोल गेला, की त्याने स्वतःच जीवन संपविले? आणि संपविले असेल तर कशामुळे? हे प्रश्न त्या दिवसापासून उभे आहेत.

अशा वेळी जगाची अपेक्षा असते की आईबापांनी रडावे, नशिबाला दोष द्यावा आणि घरी जावे. या आईबापांनी दहा पानी निवेदन लिहिले आणि तेव्हाचे संचालक देवांग खक्कर यांच्या हाती दिले. आपल्या मुलाला संस्थेत जातीवरून काय ऐकावे लागले, कोणती वागणूक मिळाली, त्याचे मन कसे खचत गेले, हे त्यांनी त्यात मांडले होते. दलित आईबापांनी उच्च विद्येच्या एका संस्थेला लेखी जाब विचारला, ही मला स्वतंत्र ऐतिहासिक महत्त्वाची घटना वाटते. बाबासाहेबांच्या बालपणी साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. त्याच्या बापाने शाळेला लेखी जाब विचारणे तेव्हा संभवनीय नव्हते. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हाही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. त्या गोणपाटापासून या दहा पानांपर्यंतचे अंतर हे आंबेडकरी चळवळीने कापलेले अंतर आहे. मुलगा गमावल्यावरही हे आईबाप अक्षराकडेच वळले, हे विसरता कामा नये.

संस्थेने प्रा. ए. के. सुरेश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचे काम झाले, अहवाल झाला. तो जाहीर मात्र झाला नाही. पुढे २०१७ मध्ये संस्थेत अनुसूचित जाती-जमाती विद्यार्थ्यांसाठी कक्ष स्थापन झाला, हे नोंदविले पाहिजे. पण १९७३ पासून २०१७ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षे, अशा कक्षाची निकड या संस्थेला का भासली नाही, हाही प्रश्न त्याच नोंदीत येतो.

येथे कोणी म्हणेल की अहवाल जाहीर करण्याने काय साधले असते? मेलेला मुलगा परत आला असता काय? हा प्रश्न वरवर समंजस वाटतो, पण तो फसवा आहे. अहवालाला दोन कामे असतात. एक, मेलेल्याविषयी सत्य सांगणे. दुसरे, जिवंत असलेल्यांचे रक्षण करणे. बंद अहवाल ही दोन्ही कामे करीत नाही. आईबापांनी जे आरोप केले त्यांतले काय टिकले, काय टिकले नाही, कोणाची साक्ष घेतली, कोणाची घेतली नाही, हे त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना निष्कर्षाला आव्हान देता येत नाही. आणि पुढच्या वर्षी अंबरनाथहून, अकोल्याहून, अहमदाबादहून जो मुलगा त्याच वसतिगृहात येणार असतो, त्याच्या आईबापांना कोणतीही सूचना मिळत नाही.

अहमदाबादचे नाव उगीच घेतलेले नाही. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी याच संस्थेत दर्शन सोळंकी हा अठरा वर्षांचा दलित विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीवरून पडून मरण पावला. तो अहमदाबादचा, रसायन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात होता. येऊन त्याला अवघे काही महिने झाले होते. जात कळल्यावर सोबत्यांची वागणूक बदलली असे त्याने घरी सांगितले होते, असे कुटुंबाचे म्हणणे होते. पुन्हा समिती नेमली गेली. या वेळी अध्यक्ष प्रा. नंद किशोर. तिच्या अंतरिम अहवालाचा आशय मार्चच्या आरंभी बाहेर आला : थेट जातीय भेदभावाचा विशिष्ट पुरावा नाही, अभ्यासातील घसरण हे कारण असू शकते. कुटुंबाने हा निष्कर्ष नाकारला. राज्य सरकारने पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले, आणि आईबापांनी आग्रह धरल्यावर मार्चअखेरीस आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला गेला. एप्रिलमध्ये एका सहविद्यार्थ्याला अटक झाली, पुढे त्याला जामीन मिळाला. तो दोषी की निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. आपण पाहावयाचे ते एवढेच की गुन्हा नोंदवून घेण्यासाठीसुद्धा मुलगा गमावलेल्या बापाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात संस्थेने सूचना काढली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेशाचा प्रवर्ग किंवा रँक विचारू नये. जी गोष्ट घडतच नाही तिला मनाई करण्याची गरज कोणाला पडते?

'थेट पुरावा नाही' आणि 'अभ्यासात मागे होता' ही दोन वाक्ये नीट तपासली पाहिजेत. जातीचा अपमान करणारा माणूस साक्षीदार बोलावून अपमान करीत नाही. तो हसण्यात असतो, गटात न घेण्यात असतो, तुझ्याने हे होणार नाही असे सहानुभूतीच्या सुरात सांगण्यात असतो. त्याची पावती कोणी फाडत नाही. मग जो पुरावा असूच शकत नाही तो मागावयाचा, आणि तो मिळाला नाही म्हणून भेदभाव झाला नाही असे म्हणावयाचे, हा कोणता न्याय? दुसऱ्या वाक्याचे तर्कशास्त्र याहून विलक्षण आहे. अभ्यासात मागे पडणे हे कारण म्हणून सांगितले जाते. पण ते मुळात परिणाम तर नसेल ना, हे तपासले जात नाही. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, ज्याला शंका विचारण्याची लाज वाटते, तो मागे पडणारच. परिणामाला कारण म्हटले की तपास तेथेच संपतो आणि दोष मृताच्या डोक्यावर जाऊन बसतो.

गुणांच्या कागदावर किती विश्वास ठेवावा याचे एक उदाहरण चंडीगढचे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अखेरच्या वर्षाला असलेला जसप्रीतसिंग हा दलित विद्यार्थी जानेवारी २००८ मध्ये गेला. एका विषयात तो नापास ठरला होता. कुटुंबाने अनुसूचित जाती आयोगाकडे दाद मागितली, त्याच्या उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकांकडून तपासून घेतल्या गेल्या, आणि तो उत्तीर्ण होता असे निघाले. कुटुंब गप्प बसले असते तर जगाच्या दृष्टीने तो 'झेपले नाही म्हणून गेलेला' मुलगाच राहिला असता. त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात सेंथिल कुमार हा दलित संशोधक गेला. याच्या आदल्याच वर्षी, मे २००७ मध्ये, दिल्लीच्या एम्स या संस्थेविषयी सुखदेव थोरात समितीचा अहवाल आला होता. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात, वर्गात, परीक्षेत कशी वेगळी वागणूक मिळते याची ती पद्धतशीर नोंद होती. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान होते, त्यावर कृती नव्हती.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. तो आणि त्याचे चार सोबती वसतिगृहाबाहेर काढले गेले होते, त्याची शिष्यवृत्ती अडकली होती. येथे चौकशीने एक वेगळेच वळण घेतले. सरकारने नेमलेल्या रूपनवाल आयोगाने विद्यापीठाच्या वर्तनापेक्षा रोहितच्या आईच्या जातीची छाननी केली आणि ती दलित नाही असा निष्कर्ष काढला. मे २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांच्या तपास बंद करण्याच्या अहवालातही तोच सूर निघाला, आणि गदारोळ झाल्यावर पुढील तपासाची भाषा करावी लागली. मुलगा का मेला हे विचारावयास गेलेल्या आईला, तू कोण हे आधी सिद्ध कर, असे सांगण्यात आले. मनूच्या काळातही फिर्यादीची जात पाहूनच फिर्याद ऐकली जात असे.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी, वरिष्ठांच्या छळाविषयी उघड बोलणे सुरू केले. तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झाले. सहा वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. पण त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक दलित, एक आदिवासी मुसलमान. त्यांची मागणी आपल्या मुलांपुरती नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समानतेचे नियम केले होते, ते संस्थांत कागदावरच राहिले, ते अमलात आणा, ही ती मागणी होती. तिच्या रेट्यामुळे आयोगाला फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढावा लागला. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांच्याविरुद्ध ओरड झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. सहा वर्षांची वाट आणि काही दिवसांचे आयुष्य, असा हा हिशेब आहे.

कायद्याची वाट कशी आहे तेही वाचकांनी समजून घ्यावे. असा मृत्यू झाला की पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. ही चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. तिचा हेतू मृत्यूचे वरवरचे कारण पाहणे एवढाच आहे. कोण जबाबदार, हे तीत ठरत नाही. परंतु व्यवहारात बहुतेक कुटुंबांची फिर्याद या पहिल्याच उंबऱ्यावर अडविली जाते. दिल्लीच्या तंत्रविज्ञान संस्थेत २०२३ मध्ये आयुष आश्ना आणि अनिल कुमार हे दोन दलित विद्यार्थी दोन महिन्यांच्या आत गेले. त्यांच्या आईबापांची फिर्याद पोलिसांनी घेतली नाही, उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची कारणे तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. पोलिसांनी आधी तपास करावा, मग हवे तर काही आढळले नाही असे म्हणावे. तपासाआधीच निष्कर्ष काढू नये, हे साधे तत्त्व दोन शोकग्रस्त कुटुंबांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवावे लागले.

आणि आपल्या परभणीचे काय? १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर जी धरपकड झाली तीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला. वडार समाजातला हा आंबेडकरी तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याला आजार होता असे सरकारकडून सांगण्यात आले. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघाले. आई विजयाबाई यांनी सरकारने देऊ केलेले दहा लाख रुपये नाकारले आणि न्यायालय गाठले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पवई आणि परभणी या घटना एक नव्हेत. एकीकडे काठी आहे, दुसरीकडे शब्द. पण परभणीत शवविच्छेदनाचा कागद उघडा झाला म्हणून सरकारी कथनाला तडा गेला. कागद उघडा असणे आणि बंद असणे यांत हाच फरक आहे.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक मृत्यूला तुम्ही जात चिकटविता काय? असे विचारले जाते. नाही. शिक्षणमंत्र्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले की २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांत १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत २४ अनुसूचित जातीचे, ३ अनुसूचित जमातीचे, ४१ इतर मागासवर्गीय होते. अनुसूचित जाती-जमातींचे मिळून २७, म्हणजे सुमारे २२ टक्के. राखीव जागांचे प्रमाण साडेबावीस टक्के. तेव्हा नुसत्या या आकड्यावरून भेदभाव सिद्ध होतो असे प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. सवर्णांचीही मुले गेली आहेत, त्यांच्याही आया रडल्या आहेत. पण आकडा भेदभाव सिद्ध करीत नाही, तसाच तो नाकारीतही नाही. तो कारण सांगतच नाही. म्हणूनच प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र, निःपक्षपाती आणि उघडी चौकशी हवी. जात आढळली तर जात म्हणा, नाही आढळली तर नाही म्हणा. पण शोधून मग म्हणा, आणि ज्यांचे मूल गेले त्यांच्यासमोर म्हणा.

या मागणीत अवघड असे काही नाही. चौकशी समितीत संस्थेबाहेरचे लोक असावेत, कारण आरोपीने स्वतःच पंच होऊ नये हे गावच्या पंचायतीलाही कळते. कुटुंबाची साक्ष प्रथम घ्यावी. अहवालाला मुदत असावी. इतर विद्यार्थ्यांची नावे झाकून अहवाल कुटुंबाच्या हाती द्यावा आणि शिफारशींचे काय झाले ते दरवर्षी जाहीर करावे. २०१५ सालच्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आलेले कलम १५ अ पीडितांना आणि त्यांच्या आश्रितांना कारवाईची माहिती मिळण्याचा हक्क देते. तो हक्क न्यायालयात आहे, मग विद्येच्या मंदिरात का नसावा?

आपल्याकडूनही काही घडले पाहिजे. मुलगा गेला की आपण त्याला हुतात्मा करतो, त्याचे फलक लावतो, वर्षाला एक सभा घेतो. हे सारे समजण्यासारखे आहे. पण कोणत्याही आईला हुतात्मा नको असतो, तिला मुलगा हवा असतो. म्हणून आपले पहिले कर्तव्य आज वसतिगृहात असलेल्या मुलांशी आहे. ती घरी आली की निकालाआधी त्यांची विचारपूस व्हावी, संस्था सोडून परत येणे हा घराण्याचा पराभव नव्हे हे त्यांना कळावे, मन खचले तर उपचार घेण्यात कमीपणा नाही हे आपल्या वस्तीत उघड बोलले जावे. दुसरे कर्तव्य नोंदीचे आहे. तारखा, पत्रे, अर्जांच्या पोचपावत्या, समित्यांची नावे ही आपल्या ग्रंथालयांत, आपल्या नियतकालिकांत जपली पाहिजेत. संस्थांना विसरणे परवडते. त्यांचे संचालक बदलतात, विद्यार्थी पाच वर्षांत निघून जातात, वसतिगृहाच्या भिंतींना नवा रंग लागतो. आईबापांची बदली होत नाही.

अंबरनाथच्या त्या दहा पानांना २०२४ मध्ये दहा वर्षे झाली. त्यांचे उत्तर म्हणून जो अहवाल तयार झाला तो कुटुंबाच्या आणि समाजाच्या हाती उघडपणे आला पाहिजे, ही मागणी जुनी झाली म्हणून निकालात निघत नाही. इळयापेरुमल समितीचा अहवाल उघडा झाला तेव्हा एका पिढीने त्यातून आपला रस्ता शोधला. हाही अहवाल उघडा करा. त्यात काही नसेल, तर झाकण्याचे कारण काय? आणि काही असेल, तर ते झाकण्याचा अधिकार कोणी दिला?